तीन खाडे माझ्या नावाचे

आमच्या स्वयंपाकघरात फ्रीजशेजारी एक कॅलेंडर टांगलेलं असतं. तुमच्याकडेही असेलच. संकष्टी, एकादशी त्यात बघायच्या, गॅस सिलिंडर कधी लावला ते त्यावर लिहायचं, आणि तारखांच्या चौकटीत पेन्सिलीनं खाडे मांडायचे. दूधवाल्याचे दोन, पेपरवाल्याचा एक, भांड्यांच्या मावशींचे चार. महिनाअखेरीला मी चष्मा लावून हिशेबाला बसते, तेव्हा घरातले सगळे लांबूनच जातात.

गेल्या वर्षी तुळशीचं लग्न होऊन आठवडा झाला असेल. अशीच हिशेबाला बसले होते. मावशींचे खाडे जरा जास्त झाले म्हणून मी पुटपुटत होते. आमची लेक कॉलेजला निघाली होती. चप्पल घालता घालता ती म्हणाली, "आई, यात तुझा खाडा कुठं दिसत नाही गं!"

ती हसत हसत निघूनही गेली. मी मात्र कॅलेंडरची पानं मागं मागं उलटत बसले. ऑक्टोबर, सप्टेंबर, ऑगस्ट. गणपती, नवरात्र, दिवाळी. खरंच एकही नव्हता. ताप आला होता त्या दिवशीसुद्धा मी निदान वरणभाताचा कुकर लावला होता.

मैत्रिणींनो, त्या दिवसांत माझं काहीतरी बिनसलं होतं. सकाळी उठतानाच अंग जड वाटे. आमटीत दोनदा मीठ पडे. दहावीतल्या मुलावर मी इतकी ओरडे, की मागाहून माझं मलाच वाईट वाटे. डॉक्टरांकडे जाऊन आले. (तुम्हीही जा बरं का! "थकवा काय, असायचाच," म्हणून अंगावर काढू नका. रक्त कमी असलं किंवा थायरॉइडचं काही असलं तरी असाच थकवा येतो, आणि साध्या तपासणीत ते कळतं.) माझं रक्त किंचित कमी निघालं, त्याच्या गोळ्या मिळाल्या. बाकी सारं ठीक होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "विश्रांती घ्या थोडे दिवस."

विश्रांती! त्यांनी चिठ्ठीवर लिहूनसुद्धा दिलं. पण ती कुठल्या दुकानात मिळते ते काही लिहिलं नाही.

आमच्या ह्यांच्या ऑफिसात सगळं कसं आखलेलं असतं. किरकोळ रजा इतकी, आजारपणाची इतकी, हक्काची इतकी. उरलेल्या रजेचा हिशेब ह्यांना तोंडपाठ! आपलं तसं नाही. आपण रजा मागायची तरी कुणाकडे? आणि मंजूर कोण करणार?

तुम्ही म्हणाल, अहो, सहलीला जातो की आम्ही! आम्हीही जातो. सात-आठ वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आम्ही सगळे चार दिवस माथेरानला गेलो होतो. स्वयंपाकघर असलेला जुना बंगला भाड्यानं घेतला, कारण सासूबाईंना बाहेरचं सोसत नाही, आणि मुलांना तर तासातासाला भूक. माझ्या बॅगेत काय होतं सांगू? तीन लिटरचा कुकर, डाळ, तांदूळ, गोडा मसाला, पोळपाट नको म्हणून नुसतं लाटणं, आणि कपडे धुवायची वडी. चार दिवसांत बाकीच्यांनी नऊ पॉइंट पाहिले. मी तीन पाहिले, तेही "आई, चल लवकर, अंधार पडेल" अशा घाईत. परत आल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, "कसं आहे हो माथेरान?" मला आठवेना. मला त्या बंगल्याचा ओटा आठवत होता. तो आमच्या ओट्यापेक्षा चार बोटं उंच होता आणि माझे खांदे भरून यायचे.

तेव्हा गावाला जाणं वेगळं आणि विसावा वेगळा. दोन्ही एकच समजून आपण फसतो.

डॉक्टरांच्या चिठ्ठीची गोष्ट मी फोनवर वन्संना सांगितली. वन्सं माझ्याहून सात वर्षांनी मोठ्या, डोंबिवलीला असतात. शाळेतून निवृत्त झाल्या आहेत, आणि बोलणं अजून मुख्याध्यापिकेचंच. त्या म्हणाल्या, "पुढच्या मंगळवारी माथेरान. दोन रात्री. तू आणि मी. सोमवारी संध्याकाळी माझ्याकडे मुक्कामाला ये."

मी लगेच अडचणींचा पाढा सुरू केला. मुलाची दहावी, सासूबाईंच्या गोळ्या, मावशींचा भरवसा नाही, गुरुवारी गॅसवाला येणार. वन्संनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "यातली एक तरी अडचण पुढल्या महिन्यात संपणार आहे का?"

यावर काय बोलणार?

खरी धाकधूक सासूबाईंची होती. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. बाईमाणसांनी मुलाबाळांना टाकून नुसतं बसायला डोंगरावर जायचं, हे त्यांना कसं रुचावं? रात्री त्यांच्या पायाला तेल लावता लावता मी विषय काढला. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आमच्या वेळी बाहेरचं असलं की चार दिवस बाजूला बसावं लागायचं. लोकांना वाटे, काय छळ बायकांचा! छळ होताच तो. घोंगडी वेगळी, ताट वेगळं. पण खरं सांगू? अकरा माणसांच्या घरात तेवढेच चार दिवस माझी पाठ जमिनीला टेकायची. तुम्ही तो छळ काढून टाकलात, बरंच केलंत. पण त्याच्याबरोबर ते चार दिवसही गेले गं."

मी तेल लावायची थांबले. मला हे कधी सुचलंच नव्हतं. दुसरा विसावा म्हणजे माहेर. नागपंचमीला, दिवाळीला, बाळंतपणाला मुलीनं माहेरी जायचं आणि आईनं म्हणायचं, "बस तू, मी करते." माझी आई जाऊन सहा वर्षं झाली. भाऊ-भावजय प्रेमाची आहेत, पण भावजयीलाही नोकरी आहे. तिथं गेलं की मीच कणीक मळायला घेते. "बस तू" म्हणणारं कुणी उरलेलं नाही.

सासूबाई म्हणाल्या, "जा तू. गोळ्यांचं मला कळतं. डबीवर वार लिहून ठेव म्हणजे झालं."

सोमवारी दुपारी मी निघाले. तुमच्या उपयोगी पडेल म्हणून सांगते, मी फ्रीज भरून ठेवला नाही. आधी तोच बेत होता: तीन भाज्या, डोशाचं पीठ, लाडू, चिवडा. म्हणजे तीन दिवसांच्या विसाव्यासाठी आधी तीन दिवस राबायचं! वन्संनी फोनवरच दटावलं. मग एका कागदावर एवढंच लिहिलं: दूध किती, कुकरला पाणी किती, शिट्ट्या किती, पोळ्या कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून. कागद कॅलेंडरशेजारी चिकटवला. आणि काय मनात आलं कोण जाणे, पेन्सिल घेऊन मंगळवार, बुधवार आणि गुरुवार या तीन चौकटींत माझ्या नावाचं अक्षर लिहिलं. भांड्यांच्या मावशी हसत म्हणाल्या, "ताई, तुमचे पैसे कोण कापणार?"

नेरळ हे मुंबई-पुणे लोहमार्गावरचं स्टेशन. डोंबिवलीहून कर्जत लोकलनं सहज पोचतो. तिथंच शेजारी माथेरानच्या छोट्या गाडीचा फलाट आहे. दोन फूट रुंदीचे रूळ, बुटके डबे. बसलं की समोरच्याच्या गुडघ्याला गुडघा लागतो. सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानं ही गाडी उभारली. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ साली काम काढलं आणि १९०७ साली गाडी वर पोचली. त्या काळचे सोळा लाख रुपये लागले. २०१९च्या पावसानं मार्ग इतका उखडला की नेरळहून वर जाणारी गाडी तीन वर्षं बंदच होती, ती २०२२च्या ऑक्टोबरात पुन्हा धावू लागली.

धावू लागली म्हणायचं आपलं. सुमारे एकवीस किलोमीटरला ती दोन तासांहून जास्त घेते! मला आधी गंमत वाटली, मग चुळबूळ सुरू झाली. जुम्मापट्टीला गाडी थांबली तेव्हा मी घड्याळ पाहिलं. वॉटर पाइप स्टेशनला पुन्हा पाहिलं. वन्सं म्हणाल्या, "कुणाची गाडी चुकतेय तुझी?" मी ओशाळले. खरंच, वर माझी कुणीही वाट बघत नव्हतं.

मग मी खिडकीबाहेर पाहू लागले. चढ इतका खडा, की काही ठिकाणी वीस फूट पुढं गेल्यावर एक फूट वर. सरळ चढणं शक्यच नाही, म्हणून गाडी डोंगराला वळसे घालत जाते. आत्ता उजवीकडे दिसणारं नेरळ थोड्या वेळानं डावीकडे दिसतं, आणि दर वेळी आणखी लहान झालेलं. एका वळणावर आपल्याच गाडीचं इंजिन समोर दिसलं, तेव्हा डब्यातल्या एका आजोबांनी नातवाच्या आधी टाळी वाजवली.

माथेरान म्हणजे माथ्यावरचं रान. समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंच. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट इथं चढून आला आणि मग इंग्रज साहेबांचे बंगले झाले, त्यामागून पारशी शेटजींचे. रान मात्र त्याआधीपासूनचं, आणि रानातली माणसंही. या गावाचं मोठं वैशिष्ट्य तुम्हांला ठाऊकच असेल: मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. पुढं चालत, घोड्यावर, नाहीतर अमन लॉजहून छोट्या गाडीनं. रुग्णवाहिकेसारखी गरजेची वाहनं तेवढी येतात, आणि अलीकडे थोड्या ई-रिक्षा आल्या आहेत. २००३ साली सरकारनं या भागाला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून संरक्षण दिलं. तांबड्या मातीचे रस्ते, दोन्ही बाजूंना जांभूळ, हिरडा, अंजनी यांची दाट झाडी, आणि हॉर्न नाही. स्टेशनातून बाहेर पडल्यावर मला कानात दडे बसल्यासारखं वाटलं. मग कळलं, की ही नुसती शांतता आहे.

हॉटेल साधंसंच होतं, बाजारापासून पाच मिनिटांवर. खोलीत शिरले आणि पहिलं काम काय केलं असेल? पलंगावरची चादर नीट खोचली. मग मोरीत बादली पालथी घातली. मग घरी फोन केला: दूध तापवलं का? कोथिंबीर निवडून ठेवली आहे, ती डब्यात घातली का? मावशी आल्या का? चार वाजेपर्यंत माझे पाच फोन झाले. पाचव्या वेळी लेक म्हणाली, "आई, आम्ही तुझ्याशी बोलत बसलो तर कामं कधी करणार?"

वन्संनी माझा फोन घेऊन आपल्या पिशवीत टाकला. "रोज संध्याकाळी सात वाजता एकदा. काही अडलं तर ते माझ्या फोनवर करतील."

जेवण झालं आणि मी "जरा पडते" म्हणून आडवी झाले. उठले तेव्हा बाहेर अंधार होता! सूर्यास्त बघायला पॉर्क्युपाइन पॉइंटला जायचं ठरलं होतं. मला इतकी चुटपुट लागली म्हणून सांगू. एवढे पैसे खर्चून यायचं आणि झोपायचं? झोप काय घरी नव्हती? वन्सं वऱ्हांड्यात वाचत बसल्या होत्या. त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "होती घरी? कधी घेतली होतीस दुपारी चार तास?"

बायांनो, मला उत्तर आलं नाही. डोळ्यांत पाणी मात्र आलं. दुःखाचं नव्हे हो. कुणीतरी मला झोपू दिलं होतं, चहाला उठवलं नव्हतं. आई असताना असंच व्हायचं.

रात्री बाजारात एक फेरी मारली. चिक्की, मध, चपलांची दुकानं. हे भाई कोतवालांचं गाव, हे मला वन्संनी सांगितलं. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल इथं १९१२ साली जन्मले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हुतात्मा झाले. मागच्या खेपेला चार दिवस राहूनही मला हे कळलं नव्हतं. कळणार कसं? मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते.

दुसऱ्या दिवशी जाग आली ती पक्ष्यांच्या आवाजानं. आयता चहा आला. आपण न केलेल्या चहाची चव काय असते ते मी तुम्हांला सांगायला नको. "आज किती पॉइंट करायचे?" मी विचारलं. वन्सं म्हणाल्या, "करायचे म्हणजे? पॉइंट का चकल्या आहेत?" शेवटी ठरलं, शार्लट तलावापर्यंत जायचं, जमलं तर पुढं एक पॉइंट, नाही जमलं तर नाही.

शार्लट तलाव म्हणजे गावाचं पिण्याचं पाणी. त्याच्या काठी पिसारनाथाचं, म्हणजे माथेरानच्या ग्रामदैवताचं मंदिर आहे. महादेवाला नमस्कार केला, पाण्याकडे तोंड करून बसलो. एक शेकरू या फांदीवरून त्या फांदीवर गेलं. तांबूस तपकिरी अंग, झुबकेदार शेपूट. आपल्या राज्याचा हा प्राणी मी आजवर मुलांच्या पुस्तकातच पाहिला होता. किती वेळ बसलो कोण जाणे. मला वाटतं, लग्नानंतर प्रथमच मी कशाचीही वाट न पाहता बसले होते. कणीक भिजायची नाही, दूध उतू जायचं नाही, बेल वाजायची नाही.

तिथून पुढच्या पॉइंटवर एक बाई लिंबू सरबत आणि काकडी विकत बसल्या होत्या. बुधवार असल्यानं गिऱ्हाईक नव्हतंच. आम्ही सरबत घेतलं आणि त्यांच्याशेजारच्या कट्ट्यावर टेकलो. खालच्या वाडीतून त्या रोज पायवाटेनं चढून येत होत्या. पाटीत काकड्या, लिंबं, साखर, पेले. दीड-दोन तासांची चढण, संध्याकाळी पुन्हा उतरण. घरी सासू, तीन मुलं, नवरा घोड्यामागं असतो.

मला लाजल्यासारखं झालं. मी इथं विसावा शोधायला आलेली, आणि ही बाई पाटी घेऊन डोंगर चढतेय. तरी न राहवून विचारलं, "मग तुम्ही दम कधी खाता हो?"

त्या सहज म्हणाल्या, "खाते की! तिसऱ्या वळणाला जांभळीखाली रोज पाटी उतरवते. पाणी पिते, जरा बसते, मग उचलते."

"वर पोचल्यावर नाही बसत?"

"वर आलं की धंदा असतो. आणि तिथं नाही उतरवली, तर वर येणारच नाही ना मी. मान मोडेल. माझी सासू पण तिथंच उतरवायची."

पेला विसळत त्या हे बोलल्या. मोठं काही सांगतोय असा आवही नव्हता. पण माझ्या मनात ते रुतलं. मी आजवर काय समजत होते? आधी सगळं काम संपवायचं, मग बसायचं. मुलाची दहावी झाली की, लेकीचं लग्न झालं की, हे निवृत्त झाले की. वर पोचलं की मग पाटी उतरवायची! आणि त्या बाई सांगत होत्या, की पाटी मध्येच उतरवायची असते, रोजच्या ठरल्या जागी, आणि त्यात मेहरबानी कुणाचीच नसते. तो चढणीचाच एक भाग आहे.

हेही कबूल करते, की त्यांची पाटी आणि माझी पाटी सारखी नाही. मला दोन रात्री हॉटेलात राहता आलं, त्यांना येत नाही. म्हणून तर आणखी वाटलं: ज्यांचा भार इतका, त्या एक जागा राखून ठेवतात, आणि मी, जिला घरात खोली आहे, पंखा आहे, ती मात्र "वेळच मिळत नाही" म्हणत फिरते.

संध्याकाळी सूर्यास्त पाहिला. पश्चिमेला प्रबळगडाची सपाट कड काळी होत गेली. सात वाजता फोन केला. सगळं ठीक होतं, म्हणजे दुधाचं पातेलं करपलं होतं आणि वरणात हळद विसरली होती. मुलानं अभिमानानं सांगितलं, "आई, बाबांनी भात केला! खिचडीसारखा झाला, पण केला."

गुरुवारी रात्री घरी पोचले. करपलेलं पातेलं पाण्यात भिजत पडलं होतं. ओट्यावर डाळीचे दाणे, गॅसवाला येऊन गेलेला, मावशींनी एक खाडा केलेला. सासूबाईंच्या डबीतल्या गोळ्या मात्र वारावर संपल्या होत्या. मी नसताना घर मोडलं नव्हतं. नाही म्हटलं तरी मनाला थोडं लागलंच! "माझ्यावाचून यांचं कसं होईल" ही काळजी तर असतेच, पण त्यात थोडा तोराही असतो, हे मला त्या रात्री पातेलं घासताना कळलं.

आता तुमच्यासाठी चार कामाच्या गोष्टी. माथेरानला जायचं तर शनिवार-रविवार टाळा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा छान असते. पावसाळ्यात नेरळहून छोटी गाडी साधारण ऑक्टोबरपर्यंत बंद असते, मात्र अमन लॉज ते माथेरान फेऱ्या चालू असतात. नेरळला लवकर पोचा, जागा थोड्या असतात. नाहीतर टॅक्सीनं दस्तुरीपर्यंत जाता येतं. बॅग उचलवेल एवढीच घ्या, पुढं ती स्वतः वाहायची किंवा हमालाला द्यायची. पांढरी साडी, पांढरी सलवार नको, तांबडी धूळ धुऊन निघत नाही. चपलेपेक्षा बूट बरे. हातात खाऊची पिशवी धरून चालू नका, माकडं हिसकावून नेतात. आणि लाटणं घरी ठेवा.

पण माथेरानच हवं असं नाही. प्रत्येकीला दोन रात्री जमणार नाहीत, खर्चही आहे. कुणी मैत्रिणीकडे जा, कुणी बहिणीकडे, कुणी सकाळी डबा न करता गावाबाहेरच्या देवळात जाऊन संध्याकाळी या. पण दिवस आधी ठरवून कॅलेंडरवर लिहा. लिहिलं नाही, की त्या दिवशी काहीतरी निघतंच.

रोजची जांभळीची सावली मी आता दुपारी अडीच ते साडेतीन अशी ठरवली आहे. दार लोटून घेते. पहिल्या आठवड्यात तीनदा दार वाजलं: चार्जर कुठंय, बिस्किटं कुठंयत, हे शर्ट इस्त्रीचे का? आता बहुतेक वाजत नाही. कधी झोपते, कधी वाचते, कधी नुसती छताकडे बघते. आमटी पुन्हा एकदा बेताच्या मिठाची होऊ लागली आहे. आरडाओरडा पार गेला असं नाही म्हणणार, पण लेक परवा म्हणाली, "साडेतीननंतर आईशी बोलावं." हेही काही थोडं नाही.

एक सांगायचं राहिलं. मी माथेरानची चिक्की सासूबाईंना बारीक कुटून दिली, दातांना सोसत नाही म्हणून. खाता खाता त्यांनी विचारलं, "तिथं पायऱ्या फार आहेत का गं?" मी म्हटलं, "गेलो होतो ना आपण सगळे?" तर म्हणाल्या, "तेव्हा मी कुठं बघितलं? नातवंडांना सांभाळत बंगल्यावरच होते की."

खरंच की! ओट्याशी मी होते, आणि ओसरीवर त्या. तेव्हा माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

अमन लॉजहून छोटी गाडी थेट बाजाराशी नेऊन सोडते. तिथून पाच मिनिटांवर ते हॉटेल, वऱ्हांड्यात दोन खुर्च्या. गुडघे दुखले तर दुखले, बसायलाच तर जायचं. मी वन्संना फोन केला. आता नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर, फेब्रुवारीच्या पानावर, दूधवाल्याच्या चौकटीशेजारी तीन दिवस पेन्सिलीनं लिहून ठेवले आहेत. या वेळी अक्षरं तीन आहेत.